ऑक्लूजन

"तुम्ही माझ्या नवऱ्याचे दात घासत बसलात, डॉक्टर, आणि आतून त्यांचं हृदय बंद पडत होतं!"

दवाखान्यात शिरल्या शिरल्या मी ओरडले. खुर्चीत एक काका जबडा धरून बसले होते.

महिन्यापूर्वी ह्यांचा जबडा दुखतो म्हणून आलो, तर डॉक्टर म्हणाले, "ऑक्लूजन आहे. वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, मशीनने थोडे घासून सारखे करतो." जिना चढतानाच दुखतं, असं मी सांगितलं. तर हसले. "वहिनी, जिना दातांनी चढतात का?"

मग हे जिन्यातच कोसळले. मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टरही म्हणाले, "ऑक्लूजन." मी म्हटलं, "अहो, दात घासून झालेत." ते म्हणाले, "दात नाही बाई, हृदयाची नळी बंद झालीय. तिचीच कळ जबड्यात येत होती." हे वाचले, पण आता अंघोळ करतानाही धाप लागते.

"जबडा दुखला की मी दातच बघणार ना?" दातांचे डॉक्टर पुटपुटले.

"आणि आता काकांचेही दातच बघताय?" मी खुर्चीकडे वळले. "काका, तुमचा जबडा कधी दुखतो? जेवताना, की चालताना? त्यांच्याकडे बघू नका, मला सांगा."