माथ्यावरचा लाल दिवा

पवनचक्की ढग पळवते, या रागात दूध सोसायटीचे चेअरमन हरिबा यांनी तिची केबल तोडली आणि माथ्यावरचा लाल दिवा विझला. दिवस बुडाल्यावर भरल्या आभाळाखालून विमानाची घरघर आली. "पाऊस पाडायचं विमान हाय. लई खालून येतंय," शेळ्या राखणारी कडूबाई म्हणाली. "अंधारात त्याला पाती दिसायची न्हाईत." "धडकू दे. चक्की तरी पडंल," हरिबा म्हणाले. "आन् आतला माणूस?" जवळच दुष्काळात गुरांसाठी राखलेली कडब्याची गंजी होती. कडूबाईनं काडेपेटी पुढं केली. "सोसायटीचा चारा हाय," ते खेकसले. "मंग केबल तुमच्या बापाची व्हती?" त्यांनी काडी ओढली. जाळ उसळला, फिरती पाती लालभडक उजळली. विमान वळलं, पाऊस न पाडताच निघून गेलं. गंजीकडं बघत कडूबाई म्हणाली, "सकाळी गुरांना सांगा चेअरमन, ढग पवनचक्कीनं पळवले."