बेथेलहून अर्धा तास

बेथेल शहराहून आमच्या गावी यायला विमानाला अर्धा तास लागतो. गावात बाळंतपणाची सोय नाही, म्हणून बायका महिनाभर आधीच तिकडे जाऊन राहतात. माझी मुलगी नास्तासिया आज बाळ घेऊन परतणार होती. "निघताना फोन करते," म्हणाली होती.

फोन आला नाही, पण विमानाचा आवाज आला. मी स्नोमोबाइल काढून धावपट्टीवर पोचलो, तर ती बाळाला छातीशी धरून बर्फात एकटीच उभी होती. विमान निघूनही गेलं होतं.

"एवढ्या लवकर कशी आलीस?"

"वारा पाठीशी होता, बाबा."

"बघू तरी नातवाला."

"घरी बघा. गारठेल तो."

ती माझ्या मागे बसली, बाळाला आमच्या दोघांच्या मध्ये घेऊन. गोठलेल्या नदीवर निम्म्या वाटेत खिशातला फोन वाजला. मी गाडी बंद करून तो कानाला लावला.

"बाबा, आम्ही आत्ता विमानात बसतोय," नास्तासिया म्हणाली. "धुक्यानं थांबवलं होतं. चहा ठेवा, पण तुमच्यासारखा कडू नको."

माझ्या पाठीशी बाळ शिंकलं. क्षणभरानं फोनमध्येही शिंकलं, अगदी तसंच. मग पाठीशी ते रडायला लागलं. लगेच फोनमध्येही लागलं.

"विमानात बसू नकोस," मी म्हणालो.

"काय? विमानाचा पंखा सुरू झालाय, नीट ऐकू येत नाही."

पाठीमागचं रडणं मधेच तुटलं.

फोनमधलं अजून चालू होतं.