बादलीचं वजन

"जरा बाजूला सरक गं," शिवकुमार गुरुजी म्हणाले आणि त्यांनी मोबाईल फळ्यासमोर धरला.

नागरत्ना सरकली. फळा शाळेचा, पण त्याचा उजवा कोपरा तिचा. पाचवीतली नागरत्ना शाळेच्या मंत्रिमंडळात आहारमंत्री होती. जेवणं झाली की उष्ट्याची बादली ताणकाट्याला लटकवायची, वजन खडूनं लिहायचं. आकडा बघून पोरं लाजतील, कमी टाकतील. कल्पना तिचीच. पोरं लाजलीही होती.

सोमवार. अर्धा किलो.
मंगळवार. पाव किलो.

मंगळवारपर्यंत चुलीपुढे चन्नव्वा होती. मग तिचे गुडघे धरले आणि भीमनगरातल्या पार्वतीबाई आल्या.

बुधवार. सहा किलो.
गुरुवार. साडेसहा किलो.
शुक्रवार. सात किलो.

आज पुन्हा सोमवार. बादली अजून रिकामी. भाताचं पातेलं नुकतंच उतरलेलं.

"फळाच बोलायलाय, आपण काय बोलावं?" हणमंतप्पा म्हणाले. शाळा समितीचे अध्यक्ष, नागरत्नाचे आजोबा. त्यांच्या हातात कागद होता. "अन्नाला चव न्हाई. लेकरं टाकून द्यायलेत. सात-सात किलो! फोटू जोडा गुरुजी, वर पाठवू. बाई, तुमी इथं अंगठा करा."

"मला सही येती, अण्णा." पार्वतीबाईंनी पदराला हात पुसले. "सही करते. पण आदी एक घास खाऊन बघा. चव नसंल तर उद्यापासून येत न्हाई मी."

"आज सोमवार. उपास हाय. दुधावर हाय मी."

नागरत्नाला हसू आलं. बादली रोज कुठे रिकामी होते हे तिला ठाऊक होतं. ती आणि तिच्या वर्गातली भुवनेश्वरी दोघी कडी धरून घरी न्यायच्या.

"व्हय अज्जा," ती म्हणाली. "आपल्या म्हशीच्या दुधावर. म्हस तर हा भात बादली चाटून खाती. तिला कशी चव लागती?"

पोरांच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"गप. मोठ्यांच्या मधी बोलू न्हाई."

गप्प तर ती बुधवारपासून होती. बुधवारी सकाळी वेणी घालता घालता आईनं सांगितलं होतं, "ताटात घ्यायचं. खायचं न्हाई. घेतलंच न्हाई तर तक्रार व्हती." त्यांच्या गल्लीतल्या सगळ्या आयांनी सांगितलं होतं. सगळी ताटं बादलीत भरलीच्या भरली उलटी व्हायची. भाताला बोट लागलेलं नसायचं. आहारमंत्री आपलं ताट आधी उलटं करायची, मग बादली काट्याला लावायची. आणि खरं वजन लिहायची. एकदम खरं. वळणदार अक्षरात.

तो फळा आता कागदाला जोडायचा होता.

तिनं ताट उचललं. पातेल्यापाशी गेली.

"वाढा, अक्का."

"किती?" पार्वतीबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. चार दिवस त्या हेच विचारत होत्या, आणि पोरं 'लई' म्हणत होती.

"खाईन तेवढं."

ती आजोबांच्या समोर, फरशीवरच बसली. भात. सांबार. सांबाराला लसणाची फोडणी होती. चार दिवस हा वास नाकात घेऊन ती उपाशी घरी गेली होती. ती खात राहिली. शीत न् शीत. मग तांब्यातलं पाणी ताटात ओतलं, बोटानं ताट कडेपर्यंत फिरवून धुतलं, आणि ताट तोंडाला लावून ते पाणी पिऊन टाकलं.

हणमंतप्पा रोज रात्री असंच ताट धुऊन पितात. प्रसाद हाय, म्हणतात. कण टाकला की पाप. तिला ते त्यांनीच शिकवलं होतं, मांडीवर बसवून.

हणमंतप्पा खाली वाकले. आवाज अगदी हळू केला.

"ऊठ. घरी चल. आंघूळ कर."

नागरत्ना उठली. मग म्हणाली, "सकाळी केलीया."

आणि फळ्याकडे गेली. खडूचा तुकडा एवढासा उरला होता. बोटं फळ्याला घासत होती.

बुधवार. सहा किलो. न चाखता टाकलं.
गुरुवार. साडेसहा किलो. न चाखता टाकलं.
शुक्रवार. सात किलो. न चाखता टाकलं.

शनिवारचं वजन गुरुजींनी सुट्टीच्या घाईत पुसलं होतं. तिला पाठ होतं. तेही लिहिलं. पुढे तेच शब्द. खाली जागा थोडी होती. तिथं बारीक अक्षरात: यात नागरत्नाचं ताट धरून.

तिनं परकराला हात पुसले. या वेळी कुणी न सांगता बाजूला सरकली.

"गुरुजी, आता काढा फोटू."