लटारूची जीभ

लकव्यानं देवरावची वाचा गेली. चंद्रपूरच्या डॉक्टरनं केसरबाईला बजावलं, "रोज सकाळी नवऱ्याकडून पन्नासदा जीभ बाहेर काढून घ्या, गाल फुगवून घ्या, जबडा फिरवून घ्या. नाहीतर तोंडाचे स्नायू कायमचे झोपतील." देवरावनं चार दिवस केलं आणि पाचव्या दिवशी तोंड मिटून भिंतीकडे वळला.

सहाव्या सकाळी समोरच्या ओसरीवर शेजारचा लटारू येऊन बसला. त्याच्या बोकडानं देवरावच्या धानाचे कोवळे पऱ्हे, लावणीची रोपं, खाल्ले, तेव्हापासून नऊ वर्षं दोघांत बोलणं बंद होतं. देवरावकडे पाहून त्यानं लांबलचक जीभ काढली आणि गाल फुगवले. देवरावच्या अंगाची लाहीलाही झाली. शिवी तर देता येईना, मग त्यानंही हातभर जीभ काढली. तीन महिने हे युद्ध चाललं, एका दिवसाचा खाडा नाही. शेवटी एका सकाळी देवरावचा संताप तोंडातून फुटलाच.

"काऊन बे लटाऱ्या, मले वेडावून राह्यला?"

 

लटारूनं जीभ आत घेतली, दुखरा जबडा चोळला आणि हाक मारली, "केसरबाई, बोल्ला वो तुमचा मालक! आता तरी सुट्टी द्या मले."