पावलं असलेलं अक्षर

१९३४ साली मी नाशिकच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे. आमचे छपाईचे इंग्रजी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, कॅस्लन वळणाचे होते. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये कोरलेलं हे वळण आमच्याकडे कोर्टाच्या नोटिशींपासून लग्नपत्रिकांपर्यंत सगळीकडे चाले. अक्षरांच्या टोकांना बारीक पावलं असत.

माझी पत्नी मैना डबा घेऊन आली की मोठा एम मुठीत धरून बसायची. तिच्या नावाचं अक्षर म्हणून मीच तो दाखवला होता. "याला पावलं आहेत. हे माझं," म्हणायची.

ती विषमज्वरानं गेली. त्यानंतर तो खिळा कायम कोमट लागू लागला. मला भास होत असेल, म्हणून मी तो खिळे जुळवणाऱ्या अब्बासभाईंच्या हातावर ठेवला.

"आत्ताच कुणी मुठीतून सोडलाय, मास्तर," ते हळूच म्हणाले.

पुढे मालकांनी नवे खिळे आणले आणि जुने अंगणात वितळवायला काढले. मला तो एकच हवा होता. मालक हसतील म्हणून मागितला नाही. खिळ्यांचा खण त्या एमसकट कढईत उपडा झाला.

शिसं पाण्यासारखं झालं. अब्बासभाईंनी पळीनं मळी काढली, तर तिच्यात एम पावलांसकट तसाच.

"मागायला जीभ उचलत नाही ना तुमची? घ्या आता. जपून, भाजेल."

मी तळहात पुढे केला.

ताप उतरला असं वाटून मी हरखलो होतो, त्या सकाळी मैनाचा हात लागला होता तितका तो गार होता.