फुलपाखरांची नोंद

"डावीकडे एक. नारिंगी टोकाचं. लिही," पुढे चालणारा एझ्रा म्हणाला.

रिबकाने पाहिलं. काटेरी झुडपावर काहीच नव्हतं. "लिहिलं हो," ती म्हणाली आणि पेन्सिल कागदाला लावलीच नाही.

अलिबाग सोडून इस्राएलमध्ये हैफाला आल्यावर काही वर्षांनी नवऱ्याला हा नाद लागला. पंधरा वर्षं दर फेब्रुवारीत दोघं डोंगरउतारावरच्या याच पायवाटेने फुलपाखरं मोजत होते. तो बघायचा, ती लिहायची. गेल्या वर्षी त्याची नजर खालावली, तेव्हापासून ती त्याला 'लिहिलं' म्हणायची आणि स्वतःला दिसेल तेवढंच लिहायची. नोंदही राखायची आणि नवऱ्याचं मनही, यात ती पार दमून गेली होती.

वळणावर तो थांबला. "मघाशी तिथं काही नव्हतं. मी मुद्दाम बोललो. मला झुडूपसुद्धा नीट दिसत नाही, आणि तू खुशाल लिहिलंस! पंधरा वर्षांची नोंद नासवलीस की."

"नाही लिहिलं. वर्षभरात तुमचं एकही लिहिलं नाही."

तो हसला. "म्हणजे दोघंही थापाडे."

मग त्याने काठी टेकत बाजूला होऊन तिला पुढे येऊ दिलं. "आता तूच बघ. मला नुसतं सांगत जा. पण असेल तेच सांग."

तिने दोन्ही बाजूंची झुडपं नीट न्याहाळली.

"एकही नाही," ती म्हणाली.

"बरं," म्हणत त्याने तिचा खांदा धरला. "चल पुढे."