तळ दिसेपर्यंत

काकूंनी कागदाची पट्टी पाण्यात बुडवली, पंधरापर्यंत आकडे मोजले आणि वर काढली. पट्टी पांढरीच्या पांढरी.

"शून्य! अहो, काल संध्याकाळी एवढं क्लोरीन घातलं, ते गेलं कुठे?"

काका व्हरांड्यात तलावाकडे पाठ करून बसले होते. मान न वळवता म्हणाले, "जाऊ दे ना गं."

"जाऊ कसं देऊ?"

या घरात येऊन पाच आठवडे झाले होते. स्विमिंग पूल म्हणून जे घेतलं, ते अजून हिरवं डबकंच होतं. तळ सोडाच, दुसरी पायरीही दिसत नव्हती.

काकांचा फोटो स्टुडिओ चाळीस वर्षं चालला. मग जो तो खिशातल्या फोनवर फोटो काढू लागला आणि स्टुडिओला कुलूप लागलं. त्या दिवसापासून काका गप्प झाले. जेवण निम्म्यावर आलं, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, "औषध देतो, पण त्यांच्या आवडीचं काहीतरी शोधा. असेच बसून राहिले, तर माझ्या हातात फारसं काही नाही."

आवडीचं काय, हे काकूंना शोधावं लागलं नाही.

त्या बारा वर्षांच्या असताना त्यांचा धाकटा भाऊ नदीत बुडाला होता. काठावर माणसं होती, पण एकालाही पोहता येत नव्हतं. पुढे लग्नाच्या बोलण्यासाठी काका पहिल्यांदा समोर आले, तेव्हा काकूंनी एकच प्रश्न विचारला होता. काका म्हणाले होते, "पोहायला? नदी आडवी पार करतो आणि दम न घेता परत येतो." त्याच संध्याकाळी काकूंनी होकार कळवला.

मुलगी तर काकांच्या तोंडून नदीच्या, भोवऱ्यांच्या गोष्टी ऐकतच मोठी झाली. पण पोटामागे धावताना काकांचं पोहणं राहूनच गेलं. समुद्रावर गेले तरी काठावर कपड्यांची राखण करत बसायचे. "कॅमेरा कोण सांभाळणार?" म्हणायचे. ते आठवलं की काकूंना वाटायचं, आपल्या संसारापायी या माणसाचं पोहणं सुटलं.

म्हणून त्यांनी राहता फ्लॅट विकला आणि गावाबाहेरचं हे पडकं, पण तलाव असलेलं घर घेतलं.

"आई, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" मुलगी फोनवर किंचाळली होती.

"माझं आहे. तुझ्या बाबांचं ठिकाणावर आणायचंय."

तलाव साफ करणाऱ्या कंपनीच्या माणसाने महिन्याचा आकडा सांगितला, तेव्हा काकू म्हणाल्या, "अरे बाबा, साफ करायला सांगतेय, तुझा तलाव विकत नाही मागत." मग त्या स्वतःच शिकल्या. जाळीच्या टोपलीवर जुना पायमोजा ताणून बसवला की बारीक कचरा अडतो. पाण्याची आम्लता उतरवणारी महागड्या डब्यातली पूड म्हणजे निम्म्याहून जास्त खाण्याचा सोडाच. क्लोरीन सूर्य मावळल्यावर घालायचं, नाहीतर ऊनच ते खाऊन टाकतं. रोज भिंती घासून घासून त्यांचा उजवा खांदा सुजला. केस विंचरायला हात वर जाईना.

आणि रोज सकाळी पट्टी पांढरी.

काका एकच वाक्य बोलायचे, "पाणी साफ झालं की बघू." काकू त्या वाक्याला धरून होत्या. पण आज काकांनी सकाळचा चहासुद्धा परत केला, तेव्हा मात्र काकूंचा धीर सुटला. त्यांनी बाटलीत तलावाचं पाणी भरून घेतलं, उन्हाची पर्वा न करता दुप्पट क्लोरीन ओतलं आणि थेट केमिकलवाल्याचं दुकान गाठलं.

दुकानदाराने पाणी तपासलं, पुन्हा तपासलं.

"काकू, क्लोरीन माझ्याकडूनच नेता ना? मग माल चोख आहे. शेवाळ एका रात्रीत एवढं खात नाही. क्लोरीन मारणारं काहीतरी पाण्यात पडतंय."

"काय पडणार? झाडाचं पान पडत नाही."

"आमच्या हातून क्लोरीन जास्त पडलं तर आम्ही हायपो टाकतो. मिठासारखे खडे असतात. तासाभरात सगळं साफ." तो हसला. "पण तुमच्याकडे ते कुठून येणार? पूर्वी फोटोवाले ठेवायचे, फोटो धुवायला."

काकूंनी काउंटरची कड घट्ट धरली.

"काकू? पाणी देऊ का? प्यायचं?"

त्या तडक बाहेर पडल्या.

रिक्षातून उतरून त्यांनी फाटक ढकललं. स्टुडिओचं सामान ठेवलेल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. काका तलावाच्या काठावर उभे होते. एका हाताने कठडा इतका आवळून धरला होता की बोटं पांढरी पडली होती. दुसऱ्या हाताने ते डब्यातले खडे पाण्यात ओतत होते.

"अहो!"

डबा हातातून सुटला आणि हिरव्या पाण्यात दिसेनासा झाला.

"जगायचंच नाहीये का तुम्हाला?" काकूंचा आवाज चिरकला. "फ्लॅट विकला मी. मुलीशी भांडले. खांदा मोडून घेतला. तुम्ही एकदा, फक्त एकदा पाण्यात उतरावं, पूर्वीसारखं हसावं, म्हणून! आणि तुम्ही... का हो? काय वाईट केलं मी तुमचं?"

काका कठडा धरून हळूहळू खाली बसले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी काकूंच्या डोळ्यांत पाहिलं.

"त्या दिवशी खरं सांगितलं असतं, तर तू मला नाही म्हणाली असतीस."

"कसलं खरं?"

"मला पोहता येत नाही."